नोकरकपात झाली, भरती थांबलेली नाही

प्रश्न : मुलगा नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टीसीएसने हजारो लोक काढले, एआयमुळे आता नवीन पोरांना कोणी घेत नाही, असं सगळे सांगतात. पुण्यातले एक गृहस्थ दोन लाखांत नोकरी लावून देतो म्हणतात. केळीचे पैसे आलेत. द्यावेत का?
– एक शेतकरी, अर्धापूर

उत्तर : दादा, एक रुपयाही देऊ नका. चांगली कंपनी नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

टीसीएसने जुलै २०२५मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे २ टक्के लोक कमी करण्याचं जाहीर केलं, हे खरं. पण त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते. त्याआधीच्या आर्थिक वर्षात याच कंपनीने ४२ हजार नवे उमेदवार घेतले होते. बदललं ते वेगळंच. पूर्वी काम नसलं तरी माणसं पगारावर बसवून ठेवत, त्याला ‘बेंच’ म्हणतात. तो खर्च आता कंपन्यांना नको आहे. टीसीएसने तर बेंचवरचे दिवस वर्षाला ३५वर आणले. म्हणून घेतल्या दिवसापासून काम करू शकणारा मुलगा त्यांना हवा असतो.

मुलाकडे अजून वर्ष-दीड वर्ष आहे. डेटाबेस, क्लाउड आणि कोड तपासणी त्याने पक्की करावी, एआयची साधनं वापरावीत, पण त्यांनी लिहिलेला कोड समजून घ्यावा. महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कक्षाला आजच भेटू द्या. पदवीनंतर लगेच जमलं नाही, तर केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी योजनेत विद्यावेतन मिळतं आणि अनुभवही. कुठलंही नियुक्तिपत्र आलं, तर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून खात्री करूनच पुढे जा.