हाफकिन यांची कसोटी

इ. स. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीची गोष्ट. मुंबई बंदराजवळच्या मांडवी भागात धान्याच्या मोठमोठ्या वखारी होत्या. त्या वखारींतून आणि भोवतालच्या दाटीच्या चाळींतून उंदीर मरून पडू लागले. त्यांच्यामागोमाग माणसांची पाळी आली. एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप भरे, काखेत किंवा जांघेत गाठ येई, रोगी बरळू लागे आणि बहुधा थोड्याच दिवसांत त्याचा अंत होई. मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. अकासियो व्हिएगस हे त्या वेळी मांडवीत व्यवसाय करीत. सप्टेंबर महिन्यात त्यांनी हा रोग ओळखला आणि तो प्लेग आहे असे निर्भयपणे जाहीर केले. प्लेग हा शब्दच असा होता की, तो ऐकून शहर हादरले. कित्येकांना तो खरा वाटेना. निदानाची खात्री करून घेण्यासाठी सरकारने कलकत्त्यास असलेल्या एका जंतुशास्त्रज्ञास मुंबईस पाठविले. त्यांचे नाव वाल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. काळ्या समुद्राकाठचे हे शहर त्या काळी रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. तेथील विद्यापीठात इल्या मेचनिकॉव या थोर जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. विद्यार्थी हुशार होता, गुरूंची मर्जी होती. परंतु हाफकिन हे ज्यू होते आणि धर्म बदलल्यावाचून त्यांना प्राध्यापक होता येणार नव्हते. त्यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला. काही काळ जिनिव्हात काढून १८८९ मध्ये ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले. तेथे संशोधकाची जागा रिकामी नव्हती. ग्रंथालयात साहाय्यकाचे काम होते, ते त्यांनी पत्करले. ग्रंथालयातील काम उरकले की, उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत.

या उरलेल्या वेळातच त्यांनी पटकीच्या रोगावर लस तयार केली. लस म्हणजे काय? रोगाचे जंतू मारून किंवा दुबळे करून ते थोड्या प्रमाणात शरीरात सोडले, तर शरीर त्या शत्रूशी लढावयास शिकते. पुढे खरा रोग आला तर त्याला तोंड देण्याची तयारी आधीच झालेली असते. सशांवर व गिनीपिगांवर प्रयोग करून झाले. मात्र प्राण्याला जे सोसले ते माणसाला सोसेलच असे नाही. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले. पटकी येथे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेली होती. दोन-अडीच वर्षांत त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. मलेरियाने प्रकृती ढासळली म्हणून ते इंग्लंडला गेले, आणि जरा बरे वाटताच परत आले. अशा वेळी त्यांना मुंबईचा हुकूम मिळाला.

मुंबईस येऊन त्यांनी रोग्यांच्या गाठींतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येरसँ या शास्त्रज्ञाने दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग येथे शोधून काढला होता. तोच जंतू येथेही दिसला. डॉ. व्हिएगस यांचे निदान खरे ठरले.

शंका फिटली, पण त्यामुळे रोगी बरा होत नव्हता. प्लेगवर त्या काळी औषध नव्हते. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, हे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले. १८९६ मध्ये त्याची कोणाला कल्पना नव्हती. त्यामुळे सरकार घरे धुवून काढी, रोग्यांना बळाने इस्पितळात नेई, आगगाडीच्या उतारूंची झडती घेई. लोक भयाने व रागाने शहर सोडून जाऊ लागले आणि जाताना काही जण रोगही बरोबर नेऊ लागले. प्लेग पुण्यास पोहोचला. तेथे रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगनेच निवर्तल्या.

हाफकिन यांना भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीस एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगची लस करण्याचे काम आरंभिले. जंतू पुष्कळ वाढवावयाचे, तर त्यांना आवडेल असे अन्न हवे. काचेच्या पात्रात मांसाचा रस घेऊन त्यावर हाफकिन यांनी आपल्याकडील तुपाचे काही थेंब सोडले. तरंगत्या तुपाला धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागे. गुहेच्या छतापासून चुनखडीचे झुंबर लोंबावे तशी ती दिसे. पात्र हलविले की, ती वाढ तुटून तळाशी बसे आणि वर नवी वाढ सुरू होई. असे कित्येक आठवडे चाले. मग पात्र तापवून सर्व जंतू मारीत व लस टिकावी म्हणून तीत थोडे कार्बोलिक आम्ल घालीत. सांगावयास हे सोपे आहे. पण त्या पात्रांतील जंतू जिवंत असेपर्यंत काम करणाऱ्याच्या हातून एक चूक झाली, तर तीच त्याची अखेरची चूक ठरण्याचा संभव होता. हाफकिन यांच्या मदतनिसांना हा ताण सोसेना. हाफकिन मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत पात्रांपाशीच असत. तीन महिन्यांत लस तयार झाली.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचवून घेतली. मात्रा होती १० घन सेंटिमीटर. पुढे इतरांना जी मात्रा देण्याचे ठरले तिच्यापेक्षा ती कितीतरी मोठी होती. त्यांना जोराचा ताप आला आणि टोचल्या जागी फार वेदना झाल्या. काही दिवसांनी ते बरे झाले.

यावरून एवढेच सिद्ध झाले की, लशीने माणूस मरत नाही. लस प्लेगपासून वाचविते की नाही, हा प्रश्न तसाच होता. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेण्याचे कबूल केले, उरलेल्यांनी घेतली नाही. राहणे एकाच भिंतींच्या आत, अन्न एकच. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांत प्लेगचे रोगी व मृत्यू अधिक झाले. कैद्याने दिलेली संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आजच्या वाचकास पडेल, आणि तो रास्तच आहे. आज असा प्रयोग इतक्या सहजपणे कोणी करू देणार नाही.

यापेक्षा नेटका पुरावा गुजरातेत, बडोद्याजवळच्या उंढेरा या लहानशा गावी मिळाला. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग चालू असताना हाफकिन आपल्या सहकाऱ्यांसह गेले. त्यांनी सगळ्या गावाला लस टोचली नाही. प्रत्येक घरातील माणसे मोजून जवळजवळ निम्म्यांना टोचली आणि निम्म्यांना तशीच ठेवली. सशक्त तेवढे एका बाजूस आणि दुबळे दुसऱ्या बाजूस असे होऊ नये, याची काळजी घेतली. असे का केले? समजा, एका आळीला लस दिली आणि दुसरीला दिली नाही, तर पहिली आळी वाचल्यावर कोणीही म्हणाला असता की, तिकडे उंदीरच कमी असतील. एकाच घरात, एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे जेवणाऱ्या दोन भावांविषयी असे म्हणता येत नाही. पुढे गावातील २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्या घरांत लस न घेतलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २६ मेली. लस घेतलेली ७१ होती. त्यांपैकी ३ मेली.

लस घेऊनही तीन माणसे मेली, ही गोष्ट हाफकिन यांनी लपविली नाही. आपली लस अमृत आहे असा त्यांचा दावा नव्हताच. ती धोका पुष्कळ कमी करते, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते आकड्यांच्या आधारे होते.

लोकांच्या मनात अर्थात नाना शंका होत्या. सरकारी जुलमाला कंटाळलेल्या माणसाला सुईही सरकारचीच वाटे. अशा वेळी खोजा समाजाचे तरुण पुढारी आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, आणि माझगाव येथील आपला बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. लशीची मागणी वाढत गेली. १८९९ साली प्रयोगशाळा परळ येथील गव्हर्नरांच्या जुन्या वाड्यात गेली आणि हाफकिन तिचे संचालक झाले.

यानंतर जे घडले त्याने त्यांच्या आयुष्याचा प्रवाहच बदलला.

१९०२ साली पंजाबात प्लेगने कहर केला. परळहून लशीच्या बाटल्या तिकडे जात होत्या. ३० ऑक्टोबर रोजी मलकोवाल नावाच्या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या वापरल्या गेल्या. चार बाटल्यांतील लस घेतलेल्या ८८ लोकांना काहीही झाले नाही. पाचव्या बाटलीतून १९ जणांना टोचले होते. थोड्या दिवसांनी त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्यू पावले. बाटलीवर ‘५३ एन’ असा क्रमांक होता.

एकोणीस माणसे! ज्यांनी विश्वासाने दंड पुढे केला तीच दगावली. याचा जाब कोणाला तरी विचारला जाणे योग्यच होते. सरकारने चौकशी समिती नेमली. समितीला आढळले की, लस लवकर व पुष्कळ व्हावी म्हणून परळला कृतीत एक फरक करण्यात आला होता: कार्बोलिक आम्ल घालणे सोडून जंतू मारण्याची सारी भिस्त उष्णतेवर ठेवली होती. तेव्हा धनुर्वाताचे जंतू बाटलीत परळलाच शिरले असावेत, असा निष्कर्ष काढण्यात आला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले. ते वैद्यकीची पदवी घेतलेले डॉक्टर नव्हते, इंग्रजही नव्हते. त्यांची बाजू आपण होऊन मांडणारे सरकारदरबारी फारसे कोणी नव्हते.

परंतु चौकशीच्या कागदपत्रांतच काही गोष्टी नोंदलेल्या होत्या. मलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. असा चिमटा ज्योतीत धरून शुद्ध करावयाचा असतो. तेथे तो कार्बोलिकच्या पाण्यातून नुसता काढला आणि त्यानेच ५३ एन बाटलीचे बूच ओढले. दुसरी गोष्ट वासाची. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत वाढले तर घाणेरडा वास सुटतो. ही बाटली भरून कित्येक आठवडे लोटले होते. जंतू परळपासून तीत असते, तर उघडताच दुर्गंधी यावयास हवी होती. लस टोचणाऱ्या डॉक्टरने बाटलीचा वास घेतला होता आणि तो नेहमीसारखाच होता, अशी त्याची साक्ष होती. तिसरी गोष्ट, जंतू आठवडेच्या आठवडे बाटलीत वाढले असते, तर त्यांचे विषही तीत तयार होऊन बसले असते आणि माणसे फार लवकर आजारी पडली असती. प्रत्यक्षात मधे काही दिवस गेले. म्हणजे बाटलीत शिरलेले जंतू नवे आणि थोडे असले पाहिजेत.

हाफकिन हेच म्हणत होते. आपली दया करावी अशी विनंती त्यांनी केली नाही. पुरावा पुन्हा तपासावा, एवढीच त्यांची मागणी होती. ती ऐकली जाण्यास पाच वर्षे लागली. मलेरियाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रातून या प्रकरणाला वाचा फोडली. जुलै महिन्यात त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी सह्या करून लिहिले की, मलकोवालच्या मृत्यूंचा दोष परळच्या प्रयोगशाळेवर सिद्ध झालेला नाही. त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला.

ते हिंदुस्थानात परत आले, पण परळला नव्हे. तेथे दुसरे संचालक होते. कलकत्त्यास त्यांना काम मिळाले आणि निवृत्तीपर्यंत ते तेथेच राहिले. मलकोवालपूर्वीचा त्यांचा उत्साह मात्र पुन्हा कोणाला दिसला नाही. लशीचे मोठे नवे प्रयोग त्यांच्या हातून पुढे झाले नाहीत.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली ‘हाफकिन संस्था’ असे नाव देण्यात आले. हाफकिन तेव्हा युरोपात होते. आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे मुंबईच्या कामात गेली, असे त्यांनी आभाराच्या पत्रात लिहून कळविले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचा मृत्यू झाला. प्लेगवर आज गुणकारी औषधे आहेत आणि त्यांच्या त्या लशीची आता गरज पडत नाही. परळचा तो जुना वाडा अजून उभा आहे, आणि त्याच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे नाव रोज शेकडो लोकांच्या दृष्टीस पडते.