घटक ५ : वेशांतराचे व्याकरण – अद्भुतरम्य कादंबरीतील हेर आणि प्रेमिक

५.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• हेरकथा आणि निषिद्ध प्रेमकथा एकाच कादंबरीत वारंवार का येतात, हे स्पष्ट करता येईल.
• लिंग, वचन आणि आदरार्थ यांच्या आधारे कादंबरीतील संवादाचे विश्लेषण करता येईल.

५.२ प्रस्तावना
बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीने विधवांच्या दुःस्थितीचे वास्तव मांडले. त्यानंतर मात्र लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा काळ आला. पुढे नाथमाधव (१८८२–१९२८) यांच्या ‘वीरधवल’ने तरुण वाचकांच्या अनेक पिढ्यांना खिळवून ठेवले. आज हेच आकर्षण इंग्रजीतील किशोर-कुमारांसाठीच्या कल्पितकथांना लाभले आहे. असे साहित्य ‘केवळ करमणुकीचे’ म्हणून बाजूला सारण्याची सवय अभ्यासकाने सोडावी. त्यात भाषेचे काम फार बारकाईने चाललेले असते.

५.३ गुपिताची दोन रूपे
हेर आणि निषिद्ध प्रेमात पडलेली व्यक्ती यांच्या अवस्थेत एक साम्य आहे. दोघांनाही आपण कोण आहोत आणि कोणाचे आहोत, हे लपवून बोलावे लागते. हरिभाऊ आपटे यांच्या ‘वज्राघात’ (१९१३–१५) या कादंबरीत १५६५ च्या तालिकोटच्या लढाईच्या पार्श्वभूमीवर रामराजा आणि मेहेरजान यांचे धर्मभेदाच्या भिंतीआडचे प्रेम येते. त्यांचा पुत्र रणमस्तखान विजापूरचा वकील म्हणून विजयनगरात येतो. वकिलाने उघडपणे निरोप सांगायचा आणि मुकाट्याने दरबार न्याहाळायचा, हा त्या काळाचा शिरस्ता होता. राजकारणातील गुपित आणि घरातील गुपित येथे एकमेकांना छेदतात.

५.४ क्रियापदाची चहाडी
आता आपण एक प्रसंग कल्पू. एक तरुणी पुरुषवेषात, जासूद म्हणून, जुन्नरहून नाणेघाटाकडे निघाली आहे. चौकीवर पहारेकरी तिला अडवतो. ती म्हणते, “मी घाटाखाली जाते.” पागोटे, तलवार, घोडा सारे ठीक असूनही एका मात्रेने घात केला! तिने ‘जातो’ म्हणायला हवे होते.

चतुर लेखक तिला सुरक्षित वाटा दाखवतो. “मी उद्या जाईन” या भविष्यकाळी रूपात बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. “मी निरोप दिला” येथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते. “मला वाट ठाऊक आहे” हे वाक्यही काही सांगत नाही. “आम्ही जातो” हे स्त्रीपुरुषांना समान आहे. मात्र ही फसगत प्रमाण मराठीतली आहे, हे विसरू नये. कोल्हापूरकडच्या बोलीत स्त्रियाही “मी जातो” म्हणतात. म्हणजे नायिका कोणत्या मुलखातली, यावरही कथेची कलाटणी अवलंबून राहते.

५.५ ‘आम्ही’ आणि ‘आपण’
मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. शत्रूच्या गोटात राहणाऱ्या हेराने “आपला गड” म्हणायचे असते. संकटाच्या क्षणी त्याच्या तोंडून “तुमचा गड” असे गेले, तर त्याची निष्ठा उघडी पडते. उलट, अनेक महिन्यांनंतर “आपला गड” हे शब्द त्याच्या मनातूनच येऊ लागले, तर कथेतील खरा पेच तेथे सुरू होतो.

५.६ ‘तुम्ही’कडून ‘तू’कडे
“तुम्ही कधी आलात?” या प्रश्नात समोरची व्यक्ती स्त्री की पुरुष, हे कळत नाही. “तू कधी आलीस?” या प्रश्नात दोन गुपिते एकदम फुटतात : बोलणाऱ्याने तिला ओळखले आहे, आणि आदराचे अंतर ओलांडले आहे. समाजाने नाकारलेल्या प्रेमाची कबुली अनेकदा अशी सर्वनामातूनच मिळते. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच सर्वनाम असल्याने, तशा कथेचा मराठी अनुवादक नेमक्या कोणत्या वाक्यात ‘तुम्ही’चा ‘तू’ करतो, हा त्याने लावलेला अर्थ असतो. मूळ संहितेत तो शब्दाने नोंदलेला नसतो.

५.७ सारांश
अद्भुतरम्य कादंबरीतील वेशांतर केवळ वस्त्रांचे नसते. मराठीत बोलणाऱ्याला प्रत्येक वाक्यात आपले लिंग, आपला गट आणि समोरच्याशी असलेले नाते यांबाबत काही ना काही ठरवावे लागते. कोणाला काय म्हणायची मुभा आहे, हे समाज ठरवतो. भाषा त्याची नोंद ठेवते. म्हणूनच हेराचा आणि प्रेमिकाचा धोका येथे क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचतो.

५.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. “मी दमले आहे” हे वाक्य बोलणाऱ्याचे लिंग न कळू देता दोन प्रकारे लिहा.
२. आपल्या वाचनातील एका कादंबरीत ‘तुम्ही’चा ‘तू’ कोठे होतो, ते शोधून त्याचे कारण सांगा.

५.९ उपक्रम
आळेफाट्यावर पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे रस्ते एकमेकांना छेदतात. तेथील बसस्थानकावर, किंवा आपल्या गावाजवळच्या अशाच नाक्यावर, अर्धा तास थांबा. कानावर पडणारी ‘आम्ही’, ‘आपण’, ‘तू’, ‘तुम्ही’ ही रूपे, बोलणाऱ्यांची ओळख न नोंदवता, टिपून घ्या. कोण कोणाला काय म्हणते आणि का, यावर १५० शब्दांत टिपण लिहा.