यात्रेच्या दिवसांत मोती एकटा कसा राहील?

प्रश्न : आम्ही कपिलधारला राहतो. मन्मथस्वामींच्या यात्रेत प्रसादाचं दुकान लावतो, तेव्हा घर दिवसभर बंद असतं. आमचा चार वर्षांचा कुत्रा मोती एकटा राहिला की सारखा भुंकतो, दार ओरबाडतो. काय करावं?

उत्तर : मोती खोड्या काढत नाही, तो घाबरतो. म्हणून परतल्यावर त्याला रागावू किंवा मारू नका. मार कशाबद्दल बसला हे त्याला कळत नाही, भीती मात्र वाढते.

यात्रेची, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेची, वाट न पाहता आजपासूनच सवय लावा. चपला घाला, किल्ली उचला आणि बाहेर न जाता परत बसा. किल्ली वाजली तरी तो शांत पडून राहू लागला, की अर्धा मिनिट बाहेर थांबा. मग दोन मिनिटं, पाच, दहा. तो कण्हू लागला तर वेळ पुन्हा कमी करा. सर्वाधिक घालमेल सहसा पहिल्या अर्ध्या तासात होते, म्हणून अर्ध्या तासापर्यंत वेळ वाढवताना घाई नको.

निघण्यापूर्वी त्याला चांगलं फिरवून आणा. जाड, पोकळ रबरी खेळण्यात दही-भाकरी भरून द्या; चाटण्यात तो रमतो. पाणी भरून ठेवा, साखळीला बांधून जाऊ नका. यात्रेत दुपारी ओळखीच्या कुणाला तरी घरी चक्कर मारायला सांगा.

त्रास अचानक सुरू झाला असेल, किंवा तो स्वतःला इजा करून घेत असेल, तर पशुवैद्यकांना दाखवा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मात्र कधीही देऊ नका.