जुनी नौका निवडताना

शिडाच्या नौकेवर बिऱ्हाड करून महासागर ओलांडावा, अशी इच्छा अनेकांना होते. परंतु नवी नौका विकत घेण्याइतका पैसा फारच थोड्यांपाशी असतो. साहजिकच बहुतेक जण जुन्या नौकेकडे वळतात. या व्यवहारात नवखा माणूस विक्रीची किंमत हीच नौकेची खरी किंमत समजतो. पुष्कळदा तो येथेच फसतो.

जोशुआ स्लोकम या कप्तानाची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फेअरहेवन येथे, शेतात पडून राहिलेली ‘स्प्रे’ नावाची मोडकी नौका त्याला १८९२ साली फुकट मिळाली. ती समुद्रात जाण्याजोगी करण्यास त्याला स्वतःची १३ महिन्यांची मेहनत आणि सामानापोटी ५५३ डॉलर ६२ सेंट खर्च करावे लागले. याच नौकेतून १८९५ ते १८९८ या काळात त्याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारा तो पहिला मनुष्य होय. स्लोकम स्वतः नौका बांधणीत तरबेज होता. ज्याला ही विद्या अवगत नाही, त्याला ते १३ महिने मजुरी देऊन विकत घ्यावे लागतात.

पहिला प्रश्न आकाराचा. एकाच घडणीच्या दोन नौकांपैकी एकीची लांबी दुसरीच्या दुप्पट असेल, तर तिचे वजन सुमारे आठपट भरते. वजनाबरोबर शिडे, दोर, नांगर, इंजिन या सर्वांचा खर्च वाढतो. बंदरातील भाडेही बहुधा लांबीवरच आकारले जाते. दोन माणसांना ३० ते ३६ फुटांची नौका सहसा पुरते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने १९६८-६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ या ३२ फुटी सागवानी नौकेतून. त्या पराक्रमाच्या स्मरणार्थ भरणाऱ्या २०२२ च्या शर्यतीत केवळ ३२ ते ३६ फुटांच्या, १९८८ पूर्वीच्या आराखड्यांच्या नौकांना प्रवेश होता. भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी तीत दुसरे आले.

लहान नौका म्हणजे दुबळी नौका नव्हे. ऑगस्ट १९७९ मधील फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका वादळात सापडल्या व १५ स्पर्धक दगावले. सर्वांत लहान गटातील ५८ नौकांपैकी एकच शर्यत पूर्ण करू शकली. ती काँटेसा ३२ या घडणीची होती. ज्या २४ नौका खलाशांनी सोडून दिल्या, त्यांपैकी बुडाल्या केवळ पाच. मजबूत घडणीला किती महत्त्व आहे, हे यावरून ध्यानात येते.

दुसरा प्रश्न नौकेच्या प्रकृतीचा. १९६० नंतर फायबरग्लासच्या नौका मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या. फायबरग्लास लाकडासारखे कुजत नाही. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांची नौकाही धडधाकट असू शकते. मात्र अनेक नौकांच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलके लाकूड घातलेले असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपले की हे लाकूड आतल्या आत कुजते. माठ घेताना टिचकी मारून पाहतात, त्याप्रमाणे हलक्या हातोडीने डेक ठोकून पाहावा. आवाज खणखणीत असेल तर ठीक. बद्द असेल तर आत ओल असण्याचा संभव आहे. तळावरील फोड पाहून मात्र एकदम घाबरू नये. ते बहुधा दुरुस्त होतात आणि किंमत उतरवण्यास उपयोगी पडतात.

डोलकाठीला सावरणाऱ्या पोलादी तारा वरून चकाकत असल्या, तरी आतून त्यांना तडे गेलेले असू शकतात. दहा ते पंधरा वर्षांनी त्या बदलणे इष्ट. तारा ज्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात, त्या डेकमधून खाली जातात तेथील गंज सहज दिसत नाही. तो शोधून पाहावा. तळाच्या जड कण्याचे बोल्ट आणि सुकाणू यांची तपासणी नौका पाण्याबाहेर काढूनच करावी. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असल्यास शंका घ्यावी. शेवटी, खरेदीदाराने स्वतः निवडलेल्या तज्ज्ञाकडून लेखी अहवाल घ्यावा.

तिसरा प्रश्न राहण्याचा. बंदरात ऐसपैस वाटणारा रुंद पलंग हेलकाव्यांत निरुपयोगी ठरतो; तेथे कडेला अडसर असलेली अरुंद शय्याच सुखाची. पिण्याचे पाणी, इंधन आणि कित्येक आठवड्यांचा शिधा भरल्यावर नौका पाण्यात किती खाली बसते, हेही पाहावे लागते.

म्हणून हाती असलेली सर्व पुंजी खरेदीत घालणे शहाणपणाचे नव्हे. निदान एक तृतीयांश रक्कम दुरुस्तीसाठी राखून ठेवणे बरे. नौका दुरुस्तीच्या आवारांत अर्धवट सोडलेल्या मोठ्या नौका आढळतात; त्यांच्या मालकांची पुंजी समुद्राचे पाणी लागण्यापूर्वीच आटलेली असते. भव्य पण अपुऱ्या नौकेपेक्षा लहान पण सज्ज नौकाच महासागरापर्यंत पोहोचते आणि, त्याहून महत्त्वाचे, माणसांना परत आणते.