गळ्यात माळ आणि घरात कंदुरी



पंढरीच्या वाटेवर शाकाहार पाळणे कठीण नसते. दिंडीत चूल एक, पंगत एक आणि पुढेमागे चालणारे सारेच माळकरी. खरी परीक्षा लागते ती माळ घालून माणूस घरी परतल्यावर. त्यातून ते घर तुळजापूर भागातले असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो. इथे आई भवानी पुष्कळांची कुलस्वामिनी, आणि अनेक घरांच्या कुलाचारात बोकडाची कंदुरी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. माळ तर घातली. आता रोजच्या ताटाचे काय करायचे? या पाठात आपण एवढ्याच प्रश्नाचा विचार करू.

पहिली शंका मनातली असते. मटण सोडले म्हणजे आपण देवीला अंतरलो काय? आम्ही म्हणतो, मुळीच नाही. तुळजापुरात शारदीय नवरात्रात होमकुंडावर अजाबळीचा विधी होतो, हे खरे. पण भक्तांच्या घरून देवीला पुरणपोळीचा नैवेद्यही जातोच. बळीऐवजी कोहळा कापण्याची चालही आपल्याकडे आहे. एकनाथ महाराज तर पैठणचे थोर भागवत. त्यांनीही भवानीचा जोगवा मागणारे भारूड रचले. विठोबाचे होण्यासाठी त्यांना भवानीला सोडावे लागले नाही, मग आपल्याला का लागावे?

दुसरी गोष्ट घरातल्या माणसांची. नवा माळकरी पुष्कळदा असा वागतो, की जणू माळ सगळ्या घरानेच घातली आहे. भांडी वेगळी करा, चूल सारवून घ्या, असे हुकूम सुटतात. बाईमाणसानं दोन-दोन स्वयंपाक करायचे आणि वर बोलणीही खायची, हा कुठला न्याय? नेम आपला, तर त्याचे कष्टही आपणच उचलावेत. एक पातेले, एक पळी आणि एक तवा आपला वेगळा ठेवावा आणि तो आपणच घासावा. घरात मटण असेल त्या दिवशी आपली मटकी आपण निवडून भिजत घालावी. कंदुरीला बोलावणे आले तर तोंड फिरवू नये. जावे, देवीला हात जोडावे, कामाला हात लावावा आणि भाकरी-चटणी खाऊन यावे. नेम गोडीने पाळला की घरची माणसे आपण होऊन सांभाळून घेतात.

आता ताटाकडे वळू. ‘मटण सोडलं, अंगातली ताकद गेली’ असे म्हणणारे भेटतात. पण विचार करा, आपल्या खेड्यांत मटण रोज कधी शिजत होते? बाजाराच्या दिवशी, जावळाला, कंदुरीला. रोजची ताकद भाकरी आणि डाळीचीच होती. तेव्हा उणीव आली असेल तर ती मटणाची नव्हे, पातळ झालेल्या आमटीची! मूठभर डाळीत तांब्याभर पाणी घालून घरभर वाढले, तर ताटात डाळ येते ती नावालाच.

थोडा हिशेब मांडू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 साली ठरवलेल्या मापाप्रमाणे मोठ्या माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे 50 ग्रॅम. सत्तर ग्रॅम पिठाची एक, अशा ज्वारीच्या चार भाकरी दिवसभरात खाल्ल्या तर सुमारे 28 ग्रॅम मिळतात. साठ ग्रॅम कोरडी तूरडाळ, मटकी किंवा हुलगे शिजवले की 13 ग्रॅम. पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यांतून 6 ग्रॅम, आणि दूध-दही मिळून दोन पेले घेतले की आणखी 9-10 ग्रॅम. बेरीज पन्नासाच्या वर जाते. शिवाय ज्वारीत जे कमी ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते ज्वारीत. म्हणून दोन्हींची जोडी मोडू नये.

राहिली जिभेची गोष्ट, आणि नेम मोडतो तो बहुधा इथेच. जिभेला आठवण येते ती खरे तर झणझणीत रश्श्याची. तो रस्सा आपल्याकडे मटणावाचूनही उत्तम होतो. हुलग्याचे शेंगोळे, येसराची आमटी, शेंगदाण्याचे कूट घातलेले भरले वांगे हे पदार्थ कुणी नव्याने शिकवायला नकोत. येळवस आठवा. मार्गशीर्ष अमावास्येला अख्खे रान जेवायला बसते. भज्जी, उंडे, आंबील, खीर असा थाट असतो, आणि त्या दिवशी मटणाची आठवण तरी कुणाला होते? पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा तरी असा चमचमीत बेत ठेवावा. नुसत्या वरण-भातावर दिवस काढणारा लवकर कंटाळतो.

प्रकृतीच्या दोन सूचना मात्र कानाआड करू नयेत. एक लोहाची. भाजी-डाळीतले लोह अंगी लागायला लिंबू किंवा आवळा मदत करतो. जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. म्हणून जेवताना लिंबाची फोड घ्यावी आणि चहा तासाभराने प्यावा. दुसरी बी-बारा या जीवनसत्त्वाची. ते धान्यात, डाळीत, भाजीत नसते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. अंगात साठा असल्याने त्याची उणीव दोन-चार वर्षांनी कळते. हातापायांना मुंग्या येतात, थकवा राहतो, विसरायला होते. असे काही जाणवले तर ‘वय झालं’ म्हणून बसू नये. रक्त तपासून घ्यावे, डॉक्टर गोळी देतील ती घ्यावी. ज्यांना दूध चालत नाही किंवा परवडत नाही, त्यांनी तर हे आधीच विचारून घ्यावे. गोळीने माळेला बाध येत नाही.

उपवासाचेही तसेच. वर्षाच्या चोवीस एकादश्या नुसत्या साबुदाण्यावर काढू नयेत. त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. भगर, शेंगदाण्याची आमटी आणि ताक हा फराळ बरा. आणि लेकुरवाळी, गरोदर बाई किंवा वाढते पोर यांच्यावर आपला नेम लादू नये. त्यांनी मनाने घेतला तर आनंदच आहे, पण मग त्यांच्या ताटात दूध आणि डाळ आधी पडावी, आपल्या मागाहून.

मांस सोडायला एक दिवस पुरतो. पंढरीत गळ्यात माळ पडली की झाले. पण ती माळ टिकते ती भिजत घातलेल्या मटकीवर, घट्ट वरणावर आणि घरच्यांशी राखलेल्या गोडव्यावर. तेव्हा येत्या वारीत जे कुणी माळ घालणार असतील, त्यांनी निघण्यापूर्वीच घरात बसून हे बोलून घ्यावे. आईच्या पायरीवर माथा टेकून पंढरीची वाट धरावी, आणि परत येऊन तोच नेम चुलीपाशी चालवावा.

रामकृष्णहरि.