पारशी वारसा कायदा : सावत्र मुलांना वाटा मिळतो का?

नात्यांचा पाठ शिकवताना ‘सावत्र’ हा शब्द आला की वर्ग एकदम शांत होतो. घरात प्रेम असलं तरी कायद्यात हे नातं कुठे बसतं? आज पारशी समाजाच्या कायद्यातून हे समजून घेऊया.

पारशी व्यक्तीची वारसा-वाटणी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 प्रमाणे होते. कलम 51 सांगतं, मृत्युपत्र न करता कोणी वारलं तर पती किंवा पत्नी आणि प्रत्येक मूल यांना सारखा वाटा. पूर्वी मुलीला मुलापेक्षा कमी मिळायचं, 1991 च्या दुरुस्तीनंतर दोघं समान झाले. आईवडील हयात असतील तर प्रत्येकाला मुलाच्या वाट्याच्या निम्मं.

उदाहरण : एका विधुर पारशी गृहस्थांना एक मुलगा आहे. त्यांनी दुसरं लग्न केलं. पत्नीला पहिल्या लग्नाची एक मुलगी आहे. तिला त्यांनीच लहानाचं मोठं केलं, पण कायदेशीर दत्तक घेतलं नाही. मृत्युपत्र न करता ते वारले. मागे 50 लाख रुपये आणि म्हातारी आई.

वाटणी अशी :
- पत्नी – 20 लाख
- मुलगा – 20 लाख
- आई – 10 लाख
- सावत्र मुलगी – शून्य

म्हणजे ‘मूल’ म्हणताना कायदा स्वतःचं मूल बघतो, कोणी वाढवलं ते नाही. उलटंही तसंच. उद्या ही पत्नी मृत्युपत्राशिवाय गेली तर तिचा सावत्र मुलगा तिचा वारस ठरत नाही.

मग उपाय काय? मृत्युपत्र. पण चार गोष्टी लक्षात ठेवा :
1. नुसतं ‘माझी मुलं’ लिहू नका. सावत्र मुलाचं पूर्ण नाव आणि नातं लिहा.
2. सही करताना किमान दोन साक्षीदार हवेत.
3. ज्याला वाटा द्यायचा तो, किंवा त्याची पत्नी वा पती, साक्षीदार नको. मृत्युपत्र टिकतं, पण तो वाटा रद्द होतो.
4. कलम 69 नुसार लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. म्हणून दुसऱ्या लग्नानंतर नवीन करायलाच हवं.

हा चौथा मुद्दाच बहुतेकांना माहीत नसतो. जुना कागद कपाटात जपून ठेवलेला असतो, पण त्याला किंमत उरलेली नसते.

स्वाध्याय : वरच्या उदाहरणात आई हयात नसती तर कोणाला किती मिळालं असतं? करून बघा!