दोन गोळ्या, एकच वाट



आजी-आजोबांची औषधे आणून देण्याचे काम पुष्कळ घरी आमचे विद्यार्थीच करतात. म्हणून या अंकात विज्ञानाचा एक उपयोगी पाठ देत आहोत.

रक्तातील यूरिक आम्ल वाढले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. पायाचा अंगठा सुजतो, लाल होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. हा गाऊट. त्यावर कोल्चिसीनची गोळी देतात. आपल्याकडील कळलावीच्या कंदात व बियांत हेच द्रव्य असते, आणि कळलावी विषारी आहे. औषध आणि विष यांतला फरक मात्रेचा असतो. कोल्चिसीनच्या बाबतीत तो फारच थोडा आहे.

आता समजा, आजोबांना गजकर्ण झाले आणि दुसऱ्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल लिहून दिले. कोल्चिसीनचे विघटन यकृतातील सीवायपी ३ए४ हे विकर करते. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन त्याला पेशींतून बाहेर ढकलते. इट्राकोनॅझोल व किटोकोनॅझोल या दोन्ही वाटा अडवतात. अंकगणितातला हौद आठवा: वरचा नळ तेवढाच चालू, पण खालची तोटी बंद. हौद भरून वाहणारच! रोजचीच गोळी अशा वेळी जास्त होते. आधी जुलाब, उलट्या. मग स्नायूंत अशक्तपणा, रक्तपेशी कमी होणे. प्रसंगी जिवावर बेतते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली मंजूर केलेल्या माहितीपत्रकात, अशी औषधे चालू असताना किंवा ती संपून चौदा दिवस झाले नसताना, कोल्चिसीनची मात्रा कमी करण्यास सांगितले आहे. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेले असेल तर ही जोडी देऊच नये, असेही त्यात आहे. फ्लुकोनॅझोल हे विकर कमी प्रमाणात अडवते, तरी सावधगिरी हवीच. क्लोट्रिमॅझोलचे मलम मात्र त्वचेवर लावल्यास रक्तात फारच थोडे उतरते.

आमची विनंती एवढीच: घरातील प्रत्येक मोठ्या माणसाच्या औषधांची एक वही ठेवा. नवीन डॉक्टरांना आणि औषध विक्रेत्यालाही ती दाखवा. मनाने गोळी सुरू करू नका, बंदही करू नका. गोळ्या चालू असताना जुलाब-उलट्या लागल्या, तर लगेच डॉक्टरांना विचारा.

अभ्यासप्रश्न:
१. हौदाच्या उदाहरणातील नळ कोणता आणि तोटी कोणती?
२. गोळीऐवजी मलम लावल्याने धोका कमी का होतो?
३. आपल्या घरी अशी वही तयार करून वर्गशिक्षकांना सांगा.